रविवारी सकाळी ग्रास कटर चालवला म्हणून शेजारी पोलिसांत जाऊ शकतो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकला तुमचं रो-हाउस आहे, मागे साधारण ६०० चौरस फुटांचं लॉन. दर रविवारी साडेसातच्या सुमारास माळी येतो आणि खांद्याला अडकवलेल्या पेट्रोलच्या ग्रास कटरने पाऊण तासात गवत कापून जातो. शेजारच्या काकांनी तुम्हाला व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज पाठवला: रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बागेची यंत्रं चालवायला बंदी, एरवी फक्त ९ ते १ आणि ३ ते ५, मोडल्यास ५ वर्षं कैद. सोबत मोबाइल ॲपचा स्क्रीनशॉट, त्यात ९२ डेसिबल. पुढच्या रविवारी ११२ ला फोन करणार म्हणाले. तुम्ही विचारताय की कायद्याने वेळ नेमकी कोणती, ॲपचा आकडा पुरावा म्हणून चालतो का, आणि बॅटरीचं मशीन घेतलं तर हे मिटेल का.

मी ध्वनिमापनाचं काम करतो. जनरेटर, बांधकामाच्या साइट, मंगल कार्यालयं हा रोजचा धंदा. पण बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या सोसायट्यांतून ग्रास कटरच्या तक्रारी पावसाळा लागला की हमखास येतात. त्यातल्या बहुतेकांत दोन्ही बाजू वेळेवरून भांडत असतात आणि मशीनकडे कुणी बघतच नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुमच्याकडेही तेच चाललंय असं वाटतं. तरी वेळेचं आधी संपवू.

आपल्याकडे लागू होतात ते ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेले. त्यात दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रविवारचा वेगळा नियम यात कुठेही नाही. दुपारच्या विश्रांतीचाही नाही. म्हणजे साडेसातला माळी मशीन चालवतो, एवढ्यावरून वेळेचा कुठलाही नियम मोडत नाही.

काकांच्या मेसेजमधल्या त्या ९ ते १ आणि ३ ते ५ या वेळा मात्र मनाच्या नाहीत. त्या जर्मनीतल्या आहेत. तिथे यंत्रांच्या आवाजाबद्दल २००२ पासून एक देशव्यापी नियमावली आहे. निवासी भागात लॉनमूव्हर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण बंद, कामाच्या दिवशी रात्री ८ ते सकाळी ७ बंद. आणि ब्रश कटर, ट्रिमर, पानं उडवणारा ब्लोअर यांसारख्या जास्त त्रासदायक यंत्रांना त्याहून कडक, म्हणजे ९ ते १ आणि ३ ते ५ एवढंच. पर्यावरणाचं अधिकृत चिन्ह मिळालेल्या कमी आवाजाच्या यंत्रांना त्यातून थोडी सूट आहे. कुणाच्या तरी मुलाने श्टुटगार्टहून घरच्या ग्रुपवर टाकलेलं असणार, पुढे पाठवता पाठवता जर्मनी गळून पडलं. ५ वर्षं कैदेचं शेपूट आपल्याकडचंच आहे, पण जुनं. आपल्या १९८६ च्या कायद्यात पूर्वी ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड अशी तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बदलली आणि एप्रिल २०२४ पासून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंड आला. रविवारच्या ग्रास कटरसाठी कुणी तुम्हाला आत टाकणार नाही.

आता वेळेचा नियम मोडला नाही म्हणजे तुम्ही मोकळे, असं समजू नका. इथेच लोक फसतात. वरचे ५५ आणि ४५ हे आकडे वेळेशी नाही, आवाजाशी बांधलेले आहेत, आणि दिवसासुद्धा मर्यादा आहेच. नियम ७ सांगतो की त्या भागाच्या मानकापेक्षा १० किंवा त्याहून जास्त डेसिबल आवाज असेल तर कुणीही व्यक्ती प्राधिकरणाकडे तक्रार करू शकते. निवासी भागात दिवसा हा आकडा येतो ६५. प्राधिकरण म्हणजे जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा नेमून दिलेला पोलीस उपअधीक्षक दर्जाचा वा त्यावरचा अधिकारी. आणि नियम ८ खाली, लोकांना त्रास होतोय असं दिसलं तर, एखाद्या जागेत चालणारं आवाज करणारं कुठलंही काम थांबवायचा किंवा त्यावर अटी घालायचा लेखी आदेश हा अधिकारी देऊ शकतो. त्यात वाद्यं आणि लाउडस्पीकर आहेतच, पण ‘आवाजासह चालणारा कोणताही व्यवसाय किंवा प्रक्रिया’ या अर्थाचे शब्दही आहेत. तुमचं गवत त्यात बसतं.

२०१० च्या दुरुस्तीने आलेली एक तरतूद काही वकील ग्रास कटरला लावू बघतात. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा किंवा ध्वनी निर्माण करणाऱ्या साधनाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मानकापेक्षा ५ डेसिबलहून जास्त असू नये, अशी ती आहे. निवासी भागात म्हणजे ६०. माझ्या मते ती घरातल्या डीजे आणि स्पीकरसाठी आहे, कारण ज्या नियमात ती येते तो सगळाच लाउडस्पीकरबद्दल आहे. त्याच दुरुस्तीने रात्री निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं, हॉर्न आणि फटाके बंद केले. बागेच्या यंत्रांचं नाव त्यातही नाही. तरी रात्री १० नंतर किंवा सकाळी ६ च्या आधी मशीन लावायच्या भानगडीत कुणी पडू नये. ४५ चं मानक ग्रास कटरला पाळणं शक्यच नाही.

जवळ हॉस्पिटल किंवा शाळा असेल तर १०० मीटरच्या शांतता क्षेत्राचा प्रश्न येतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तो भाग तसा अधिसूचित केलेला असावा लागतो, नुसतं हॉस्पिटल आहे म्हणून आपोआप लागू होत नाही. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून निवासी भाग धरून चालतो.

आता ॲप. मोबाइलचा माइक बोलणं पकडायला बनवलेला असतो. मोठ्या आवाजाला तो दबतो, कव्हरने झाकला जातो, आणि एकाच खोलीत दोन फोन ठेवले तर पाच-सात डेसिबलचा फरक सहज दिसतो. आम्ही मोजायला जातो तेव्हा मीटर तिकाटण्यावर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच. माइकवर वाऱ्यासाठी स्पंजचा गोळा. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर कॅलिब्रेटर माइकवर बसवून ९४ डेसिबलचा ठरावीक सूर वाजवायचा आणि मीटर ९४ च दाखवतोय ना, ते बघायचं. मग मशीन बंद असताना परिसराचा आवाज घ्यायचा, कारण सकाळी सातला रस्त्यावरून दूधवाले, शाळेच्या व्हॅन आणि कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालूच असतात. त्यांचं पाप ग्रास कटरच्या माथी मारता येत नाही. मग मशीन चालू असताना. जागा, अंतर, वेळ, भिंती कुठे आहेत, सगळं कागदावर. काकांच्या स्क्रीनशॉटमध्ये यातलं काही नाही, त्यामुळे पुरावा म्हणून तो टिकणार नाही.

पण आकडा खोटा असेलच असं नाही, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. हिशोब करून बघा. चांगल्या यंत्रांवर, विशेषतः युरोपात विकायला बनवलेल्यांवर, एक छोटं चौकोनी लेबल असतं. त्यावर स्पीकरसारखं चित्र आणि एक आकडा, समजा ९६ किंवा ११० डेसिबल. ही यंत्राची ध्वनिशक्ती, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकतं ते. तुमच्या कानाशी येणारा आवाज नव्हे. उघड्या जागेत, जमिनीवर चालणाऱ्या यंत्रासाठी कामचलाऊ गणित असं: लेबलवरच्या आकड्यातून ३ मीटरवर साधारण १८ वजा करा, ६ मीटरवर २४, १० मीटरवर २८. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. खांद्यावरच्या टू-स्ट्रोक ब्रश कटरची ध्वनिशक्ती ११० च्या आसपास असते. काकांनी कंपाउंडच्या भिंतीवरून हात पुढे करून फोन धरला असेल आणि माळी ३ मीटरवर असेल, तर ११० वजा १८, म्हणजे ९२. काकांचा फोन बरोबर सांगतोय.

काकांची खिडकी ६ मीटरवर धरू. तिथे ८६ येतात. रो-हाउसमध्ये दोन्ही बाजूंना भिंती असल्याने आवाज परतून येतो, त्यामुळे एकदोन डेसिबल वरच.

नियमातले ५५ मात्र क्षणाचे नाहीत, सरासरीचे आहेत. कालावधीवर पसरलेली समतुल्य पातळी. पाऊण तासाचा ८६ डेसिबल आवाज सकाळी ६ ते रात्री १० अशा १६ तासांवर पसरला तर साधारण १३ डेसिबल उतरतात, म्हणजे ७३ राहतात. पूर्ण दिवसाची सरासरी काढूनही ६५ च्या वर. आणि प्रत्यक्षात मोजायला आलेला माणूस १६ तास तुमच्या दारात बसत नाही. तो मशीन चालू असतानाची काही मिनिटं मोजतो. म्हणजे तुमच्या बाजूने सर्वांत सोयीचा हिशोब लावला तरी तुम्ही हरता.

आता त्याच जागी विजेवर किंवा बॅटरीवर चालणारा छोटा लॉनमूव्हर ठेवा. ध्वनिशक्ती ९४ धरू. युरोपात ५० सेंटिमीटरपर्यंत रुंदीच्या लॉनमूव्हरला ९६ ची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे हा आकडा अवास्तव नाही. ६ मीटरवर ७०. ६०० चौरस फूट म्हणजे जेमतेम ५६ चौरस मीटर, २० मिनिटांत होतं. २० मिनिटांचे ७० डेसिबल १६ तासांवर पसरले की ५३. परिसराचा स्वतःचा आवाज ५२ असला तर दोन्ही मिळून साडेपंचावन्न होतात (डेसिबलची बेरीज साधी नसते, ५३ आणि ५२ मिळून १०५ होत नाहीत). मशीन चालू असताना मोजलं तर ७० आहेच, तिथे तुम्ही अजूनही तांत्रिकदृष्ट्या उघडे पडता. पण ८६ ते ७० हा १६ डेसिबलचा फरक आहे, आणि दर १० डेसिबलला कानाला आवाज निम्मा वाटतो. काकांच्या चहाच्या टेबलावर बोलणं ऐकू येईल, एवढा तो फरक.

मला विचाराल तर तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर इथेच आहे. खांद्यावरचा ब्रश कटर हे यंत्र शेताच्या बांधासाठी, रस्त्याकडेच्या गाजरगवतासाठी, झुडपांसाठी बनवलेलं आहे. माळ्याकडे तेच असतं, कारण एका मशीनमध्ये त्याची सगळी गिऱ्हाइकं होतात: कुणाचा मोकळा प्लॉट, कुणाचं लॉन, कुणाच्या कुंपणाबाहेरचं रान. त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. तुमच्या ६०० फुटांवर ५२ सीसीचं इंजिन घुमवायची गरज नसते.

आवाज किती, याइतकाच कसला, हाही मुद्दा आहे. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा धडकतं. ८००० फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ धडका. हा खालचा घोगरा सूर खिडकीच्या बंद काचेतून आत येतो. बॅटरीच्या मोटरचा बारीक सूर काच बऱ्यापैकी अडवते. आणि त्यातही खरा वैताग माळ्याच्या बोटाचा. गवताच्या प्रत्येक फटक्याला तो रेस वाढवतो, सोडतो, पुन्हा वाढवतो. सलग घरघर माणूस काही वेळाने विसरतो, ही वर-खाली होणारी विसरता येत नाही. माणसं तक्रार करतात ती बहुतेक या रेसची.

मशीन लगेच बदलणं जमणार नसेल तर पुढच्या वेळी माळी आल्यावर दोन मिनिटं शेजारी उभं राहून त्याचं मशीन बघा. खालचं प्लॅस्टिकचं गार्ड काढून टाकलेलं असेल, बहुतेकांनी काढलेलं असतं. त्या गार्डला आतून एक छोटं पातं असतं, जे नायलॉनची दोरी जास्त लांब झाली की छाटतं. गार्ड नसलं की दोरी हातभर बाहेर येते, इंजिनवर भार वाढतो आणि तो रेस आणखी दाबतो. शिवाय खडे उडून खिडकीची काच जाते ते वेगळंच. गार्ड परत लावायला सांगा. दोरी साध्या गोल किंवा चौकोनी ऐवजी पीळ दिलेली घ्या, हवेत फिरताना तिचा सूं-सूं आवाज कमी येतो. सायलेन्सरचे बोल्ट सैल झालेत का, बाजूने काळा तेलकट डाग दिसतो का, तेही बघा; डाग म्हणजे तिथून हवा फुटतेय. हे सगळं नीट केलं तरी काही डेसिबलच कमी होतील, पण तेवढ्यानेही काकांना फरक कळेल.

आणि माळ्याचे कान. त्याच्या कानाशी ९५ ते १०० डेसिबल असतात, आणि तो दिवसभर घरोघर हेच करतो. कारखान्यात ९० डेसिबलला ८ तास आणि १०० ला फक्त २ तास ही मर्यादा असते. घरोघरी फिरणाऱ्या माळ्याला तो कायदा विचारत नाही. कानाला लावायचे मफ आणि डोळ्याला गॉगल त्याला घेऊन द्या. स्वतःहून तो घेणार नाही, आणि दिले तर पहिले काही दिवस लाजेल.

हाताने ढकलायचा रोलरवाला मूव्हर हाही पर्याय आहे, आणि लोक त्याला उगाच म्हातारा समजतात. पात्यांचा एक दंडगोल फिरतो आणि गवत कात्रीसारखं कापलं जातं. इंजिन नाही, मोटर नाही. रविवारी सकाळी सहाला चालवलात तरी कुणी खिडकी उघडून बघणार नाही. अडचण एकच, गवत वाढू दिलं की तो अडतो. आषाढ-श्रावणात दर आठवड्याला फिरवावाच लागेल, दोन आठवडे राहिलं तर त्याला ते पेलत नाही. मेक्सिकन किंवा कार्पेट ग्रासचं सपाट लॉन असेल तर उत्तम; हरळी आणि लव्हाळा माजलेलं असेल तर नको. तुमच्या लॉनची जात कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नक्की घ्या असं म्हणत नाही.

भिंत उंच करायचा विचार काही लोक करतात, म्हणून तेही सांगतो. आवाज जिथून निघतो ती जागा ऐकणाऱ्याला दिसत असेल तर भिंतीचा उपयोग जवळजवळ शून्य. तळमजल्यावर बसलेल्याला पाच फुटी भिंतीने बऱ्यापैकी आराम मिळतो, कारण मशीन भिंतीआड जातं. काकांची झोपायची खोली वरच्या मजल्यावर असेल (रो-हाउसमध्ये बहुतेकांची असते), तर त्यांना खिडकीतून माळी डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि आवाजही तसाच पूर्ण पोचतो. त्या खर्चात बॅटरीचा मूव्हर येईल.

वेळ बदलणं मात्र फुकट आहे. कायदा साडेसातला हरकत घेत नाही, पण गवत घेतं. सकाळी लॉनवर दव असतं, पावसाळ्यात पाणीच असतं. ओलं गवत पात्याला चिकटतं, गुठळ्या पडतात, कापलेली टोकं फाटतात आणि नंतर पिवळी पडतात. दव उडाल्यावर, साडेनऊ-दहानंतर कापलं तर काम लवकर होतं आणि मशीन कमी रडतं. किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास. दुपारी कुणी झोपतं, आणि एप्रिल-मेमध्ये त्या उन्हात माळ्याला उभं करणंही बरोबर नाही. माळी सकाळी लवकर येतो ते त्याला पुढची घरं असतात म्हणून. त्याला शनिवारी सकाळी दहाची वेळ मागून बघा, अर्ध्या वेळा जमतं.

काकांशी बोलताना मेसेज जर्मनीतला आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगू नका. तुमचं खरं असलं तरी त्यांना तोंडघशी पाडून काय मिळणार? जाऊन विचारा, ‘काका, कुठली वेळ तुम्हाला चालेल?’ घरात कुणी आजारी आहे का, कुणाची रात्रपाळी असते का, नातवाची परीक्षा आहे का, हे तेव्हा कळतं, आणि मग उत्तर सोपं होतं. मी पाहिलेल्या तक्रारींत आवाजाच्या मागे पार्किंगची किंवा फांद्या तोडल्याची जुनी ठसठस पुष्कळदा निघाली. तशी असेल तर डेसिबलने ती सुटणार नाही.

सोसायटी नोंदणीकृत असेल तर तिच्या उपविधींत सभासदाने इतरांना त्रास होईल असं वागू नये, या अर्थाचं कलम असतंच. पण ते इतकं मोघम असतं की त्यावर भांडणच होतं. त्यापेक्षा सर्वसाधारण सभेत साधा ठराव करून घ्या. उदाहरणार्थ: बागेची पेट्रोल यंत्रं रोज सकाळी ९.३० ते १२.३० आणि दुपारी ४ ते ६ याच वेळेत, रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी फक्त १० ते १२. एका घरी सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. हाताने चालणाऱ्या आणि बॅटरीच्या यंत्रांना दिवसभर मोकळीक, रात्री ८ नंतर कुणालाच नाही. बॅटरीला सूट ठेवण्यामागे हेतू आहे. सूट दिली की लोक मशीन बदलतात, नुसती बंदी घातली की वेळा चुकवतात. माळी बऱ्याच घरांत एकच असेल तर सगळ्यांनी मिळून एक बॅटरीचा मूव्हर सोसायटीच्या नावावर घ्यायचा आणि त्यालाच चालवायला द्यायचा, हेही मी होताना पाहिलंय. ठरावात ग्रास कटरसोबत झाडं कापायची चेन सॉ आणि गाडी धुवायचा प्रेशर वॉशरही घाला, नाहीतर पुढच्या वर्षी त्यावर वेगळी सभा होईल.

आणि काकांनी खरंच ११२ फिरवलाच तर? बीट मार्शल येतील, मशीन बंद करायला सांगतील. बंद करा. रस्त्यात उभं राहून ५५ आणि ६५ वर वाद घालू नका, त्यांच्याजवळ त्या क्षणी मीटर असेलच असं नाही आणि त्यांना पुढचा कॉल असतो. लेखी तक्रार झाली आणि नोटीस आली, तर माझ्या लेखी मुद्दा इतकाच असेल: यंत्र कोणतं, किती वेळ चालतं, आणि ते बदलण्यासाठी तुम्ही काय केलं. भारतीय न्याय संहितेतलं सार्वजनिक उपद्रवाचं कलम (पूर्वीचं भादंवि २६८ आणि २९०, आता २७० आणि २९२) सहसा एका शेजाऱ्याच्या त्रासाला लागत नाही, परिसरातल्या लोकांना सामायिक त्रास व्हावा लागतो; आणि त्यात दंडाची कमाल रक्कम १ हजार रुपये आहे. एकट्या शेजाऱ्याचा मार्ग म्हणजे दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागणं. तिथे जाण्याइतकं प्रकरण ताणलं तर दोघांचाही खर्च एका चांगल्या लॉनमूव्हरपेक्षा जास्त होतो.

खाली एकीने न्यू जर्सीहून विचारलंय, त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेत ही बाब गावागणिक बदलते. तुमच्या टाउनशिपच्या संकेतस्थळावर स्थानिक नियमांत ‘नॉइज’ शोधा, आठवड्याचे आणि शनिवार-रविवारचे तास बहुधा वेगळे दिलेले असतात. घरमालकांची असोसिएशन असेल तर तिचे नियम त्याहून कडक असू शकतात. काही ठिकाणी तर यंत्रावरच बंदी आहे. वॉशिंग्टन डीसीत २०२२ च्या जानेवारीपासून पेट्रोलचे लीफ ब्लोअर वापरता येत नाहीत. गवत कापायला माणूस ठेवला असला तरी काही गावांत दंडाची पावती घरमालकाच्या नावाने येते, ते आधी विचारून घ्या.

नाशिकच्या प्रश्नकर्त्यांनी माळ्याच्या मशीनवरच्या लेबलचा फोटो, काकांच्या खिडकीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून, आणि गवताची जात कळवली तर आकडे नेमके करून देतो. लेबल सापडलं नाही, पुसलं गेलेलं असलं, तर इंजिन किती सीसीचं आहे तेवढं पुरे.